कास्तेलनोचा किल्ला: मध्ययुगीन किती, नवा किती आणि मालकाच्या हातात काय?

दोर्दोन्य नदीच्या खोऱ्यात सहलीला जाणाऱ्या एका वाचकाने तीन प्रश्न विचारले आहेत. नैर्ऋत्य फ्रान्समधला कास्तेलनोचा किल्ला खासगी मालकीचा आहे. मग तिथे दिसणाऱ्या बांधकामात खरोखर मध्ययुगीन किती? त्याचा एक मनोरा चौकोनी आणि एक गोल, असा बेमेळ का? आणि मालक म्हणून तिथे मनाला येईल ते करता येतं का? दगडी वास्तूंचं जतन हाच माझा व्यवसाय असल्यामुळे मी दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. त्याचं उत्तर मिळालं की पहिल्याचं अर्धं उत्तर आपोआप मिळतं.

किल्ला पाहताना आपण बहुतेक वेळा एकच तारीख शोधतो. ‘हा कधी बांधला?’ कास्तेलनोला अशी एक तारीख नाही. तिथली प्रत्येक भिंत तिच्या काळातल्या कुठल्या तरी हत्याराला दिलेलं उत्तर आहे. हत्यार बदललं की भिंत बदलली. जुनी पाडली नाही, तिच्या पुढ्यात नवी उभी केली. त्यामुळे किल्ल्याच्या गाभ्यातून बाहेर चालत जाल तसे तुम्ही साधारण तेराव्या शतकातून सोळाव्या शतकाकडे जाता.

आधी जागा. दोर्दोन्य आणि सेऊ या नद्यांच्या संगमावर चुनखडीच्या टेकाडाची एक सोंड पुढे आली आहे. नदीच्या अंगाला सरळ कडा. कमकुवत बाजू एकच, पठाराकडची, जिथे सोंड मागच्या डोंगराला जोडलेली आहे. सह्याद्रीत किल्ले पाहिलेल्या माणसाला हे सांगायला लागू नये: कडा असेल तिथे तटबंदी नावापुरती पुरते, सगळी ताकद खिंडीच्या तोंडावर लावायची. कास्तेलनोत नेमकं हेच केलं आहे. म्हणून आत शिरण्याआधी पठाराच्या बाजूला थोडा वेळ थांबा आणि शत्रूच्या नजरेने पाहा. नदीकाठावरून काढलेले फोटो सुंदर दिसतात, पण ते किल्ल्याच्या पाठीचे असतात.

इतिहासात या किल्ल्याचं नाव ठळकपणे येतं ते १२१४ मध्ये. दक्षिण फ्रान्समध्ये चर्चने पाखंडी ठरवलेल्या कॅथार या ख्रिस्ती पंथाविरुद्ध पोपच्या आशीर्वादाने धर्मयुद्ध चाललं होतं आणि त्या फौजेचा सेनापती सिमों द मोंफोर पेरिगोरमध्ये, म्हणजे कास्तेलनोच्या प्रदेशात, उतरला. कास्तेलनोचा स्वामी बेर्नार द काझनाक कॅथारांच्या बाजूचा. मोंफोर आला तेव्हा किल्ला रिकामा होता. त्याने तिथे आपली शिबंदी ठेवली आणि पुढे गेला. पुढच्या वर्षी काझनाकने किल्ला परत घेतला आणि त्या शिबंदीला फासावर लटकवलं. मग बोर्दोच्या आर्चबिशपच्या हुकमाने किल्ला जाळण्यात आला. या काझनाकबद्दल मोंफोरच्या गोटातला इतिहासकार भयंकर गोष्टी लिहितो, तर दक्षिणेकडच्या भाषेत रचलेल्या त्याच काळातल्या काव्यात तो अत्यंत थोर सरदार म्हणून येतो. दोघंही पक्षपाती. पण आग लागली यावर वाद नाही, आणि आपल्या कामाची गोष्ट तीच आहे: त्याआधीच्या किल्ल्याचं आज फारसं काही दिसत नाही. आज जो सर्वांत जुना भाग उभा आहे तो मुख्यतः तेराव्या शतकातल्या पुनर्बांधणीचा.

तो भाग म्हणजे चौकोनी मुख्य मनोरा आणि त्याला वेढणारा तट. मनोरा म्हणजे इथला बालेकिल्लाच: सगळं पडलं तरी इथे काही दिवस तग धरता यावा. भिंत बांधण्याची पद्धत आपल्याला परकी वाटणार नाही. दोन्ही अंगांना दगडाचे घडीव थर आणि मधल्या पोकळीत चुन्यात कालवलेल्या डबराचा भराव. या भिंतीची मजबुती बाहेरच्या देखण्या दगडांपेक्षा आतल्या चुन्यावर अवलंबून असते. पाणी एकदा भरावात शिरलं की चुना धुपतो, भराव खाली बसतो आणि बाहेरचा थर फुगून सुटतो. छप्पर गेलेला किल्ला शत्रूच्या माऱ्यापेक्षा पावसाने जास्त कोसळतो, ते याच कारणाने.

तटाच्या माथ्यावर चर्या म्हणजे दातेरी कठडा, मागे पहारेकऱ्यांना चालायला फांजी आणि भिंतीत बाण सोडायला अरुंद जंग्या. काही ठिकाणी भिंतीबाहेर काढलेला सज्जा दिसेल, दगडी ब्रॅकेटांवर तोललेला आणि तळाला भोकं ठेवलेला. तटाच्या पायथ्याशी आलेल्या शत्रूवर थेट वरून दगड टाकता यावेत म्हणून ती भोकं. आधीच्या काळात असे सज्जे लाकडी असत आणि वेढा पडायची चिन्हं दिसली की उभारले जात. लाकूड पेट घेतं, म्हणून हळूहळू ते दगडात आले. कास्तेलनोत लाकडी सज्ज्याचीही प्रतिकृती करून ठेवली आहे. दोन्ही लागोपाठ पाहा. शंभर-दीडशे वर्षांत बांधणारे काय शिकले ते पुस्तकाशिवाय कळतं.

आता हत्यारांकडे येऊ, कारण या किल्ल्यात १९८५ पासून मध्ययुगीन युद्धतंत्राचं संग्रहालय आहे आणि मोकळ्या जागेत वेढ्याची यंत्रं पूर्ण मापाने बांधून उभी केली आहेत. ती शोभेची म्हणून पुढे जाऊ नका. सर्वांत साधं यंत्र म्हणजे माणसांनी दोर ओढून चालवायची तरफ. तरफेच्या लांब टोकाला गोफण, आखूड टोकाला दोर. आठ ते सोळा माणसं एकदम ओढतात आणि तीन ते बारा किलोचा दगड चाळीस ते साठ मीटर जातो. मिनिटाला एक फेक होते. तट याने पडत नाही, पण चर्यांमागे उभ्या असलेल्या माणसाला डोकं वर काढता येत नाही. बहुतेकदा हे यंत्र किल्ल्याच्या आतले लोकच वापरत.

त्याच तरफेचं मोठं रूप म्हणजे ट्रेबुशे. इथे माणसांच्या जागी काही टनांचं वजन भरलेली लाकडी पेटी येते. पेटी खाली पडते, लांब दांडा वर उसळतो आणि गोफण सुटते. सुमारे शंभर किलोचा गोल घडवलेला दगड दोनशे मीटरच्या आसपास जातो. तासाला जेमतेम एक-दोन फेकी, आणि यंत्र चालवायला साठच्या वर माणसं. एवढा खटाटोप कशासाठी? कारण हे यंत्र नेम धरतं. दगड एकाच वजनाचे घडवले आणि पेटीतलं वजन कायम ठेवलं, तर फेक पुन्हापुन्हा जवळपास त्याच जागी पडते. भिंतीच्या एकाच ठिकाणी दिवसेंदिवस शंभर किलोचे घाव बसले की आतला भराव सैल होतो. भिंत एका फटक्यात फुटत नाही, ती आतून खिळखिळी होते. मी पाहिलेल्या अनेक पडक्या तटांमध्ये बाहेरचा थर शाबूत आणि आतला भराव भुगा, अशी अवस्था असते. ती पाहिली की ट्रेबुशेचा विचार किती पक्का होता ते पटतं.

याहून पुढचं यंत्र आहे दोन पेट्यांचं. दांड्याच्या दोन्ही बाजूंना वजन विभागलेलं, त्यामुळे ते आटोपशीर झालं. चार ते आठ माणसं ते चालवत आणि तासाला दहा दगड फेकत. तोफा आल्या तरी काही काळ ते टिकून राहिलं. जुनं हत्यार नव्याने एका रात्रीत हद्दपार केलं असं युद्धाच्या इतिहासात क्वचितच घडतं.

इंग्रजांचा संबंध इथे येतो तो १२५९ च्या पॅरिसच्या तहापासून. फ्रान्सचा राजा नववा लुई आणि इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री यांच्यात हा तह झाला आणि या प्रदेशातल्या अनेक सरदारांचे धनी इंग्लंडचे राजे झाले, अर्थात फ्रेंच राजाचे मांडलिक ड्यूक या नात्याने. १३३७ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातलं शतवार्षिक युद्ध सुरू झालं तेव्हा दोर्दोन्य ही बऱ्याच अंशी सरहद्द बनली. पलीकडच्या काठावर, नजरेच्या टप्प्यात, बेनाकचा किल्ला आहे. तो प्रामुख्याने फ्रेंच बाजूचा, कास्तेलनो बराच काळ इंग्रजांच्या बाजूचा. दोन्ही किल्ले एकमेकांवर नजर रोखून आहेत हे वर्णन प्रवासाच्या माहितीपत्रकांत असतं आणि या वेळी ते अक्षरशः खरं आहे. फक्त एक लक्षात घ्या: ‘इंग्रजांचा किल्ला’ म्हणजे आत इंग्लंडहून आलेली माणसं, असं नेहमी नसे. बहुतेक जण याच मातीतले, नैर्ऋत्य फ्रान्समधल्या गास्कनी आणि पेरिगोरचे सरदार, ज्यांनी कधी हा राजा धरला, कधी तो. १३६८ मध्ये कास्तेलनोची वारस मान्य हिचं लग्न नोंपार द कोमोंशी झालं आणि किल्ला कोमों घराण्यात गेला. त्या घराण्याचा कल इंग्रजांकडे होता.

१४४२ मध्ये फ्रान्सचा राजा सातवा चार्ल्स याच्या फौजेने वेढा घातला. तीन आठवड्यांनी आतल्या इंग्रज किल्लेदाराने जीवदान आणि ४०० एक्यू सोन्याची नाणी एवढ्या मोबदल्यात किल्ल्या हवाली केल्या. वेढ्यांचा शेवट असा होणं मध्ययुगात अगदी सामान्य होतं. भिंती उपयोगी पडत त्या वेळ काढायला, आणि त्या वेळात मदत आली नाही तर सौदा करायला. त्यानंतर अकरा वर्षांनी, १७ जुलै १४५३ रोजी, याच नदीवर खाली कास्तियों इथे फ्रेंच तोफखान्याने इंग्रज फौजेचा धुव्वा उडवला आणि युद्ध संपलं. किल्ले बांधणाऱ्यांसाठी त्या दिवसाचा अर्थ स्पष्ट होता.

किल्ला परत मिळाल्यावर कोमोंनी काय केलं ते पाहा, म्हणजे तो गोल मनोरा समजेल. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात राहण्याच्या जागा सुधारल्या, दरवाजाच्या पुढे आडोशाचं बांधकाम आलं. आपल्याकडे गोमुखी रचनेने जे साधतात तेच इथे साधायचं होतं: दरवाजावर सरळ मारा करता येऊ नये आणि आत शिरणारा माणूस वळणावर अडकावा. मग १५२० च्या सुमारास तोफांसाठीचा गोल बुरूज उभा राहिला. चौकोनी मनोऱ्याचा कोपरा हा त्याचा दुबळा भाग. गोळा कोपऱ्यावर बसला की दगड सुटतो, आणि कोपऱ्याच्या आडोशाला शत्रू लपूही शकतो. गोल भिंतीवर गोळा तिरका निसटण्याची शक्यता जास्त. या बुरजात जंग्यांच्या जागी तोफेची नळी बसेल अशी तोंडं आहेत आणि ती खालच्या मजल्यांपासून ठेवली आहेत, कारण तोफेचा मारा वरून खाली करण्यापेक्षा जमिनीलगत सपाट करणं फायद्याचं. चौकोनी मनोरा उंचीवर विसंबतो, गोल बुरूज जाडीवर. दोघांमध्ये सुमारे अडीच-तीनशे वर्षांचं अंतर आहे. बेमेळपणाचं कारण एवढंच.

गंमत अशी की हा बुरूज बांधणारं कुटुंब तोवर किल्ल्यात राहायला कंटाळलं होतं. १४८९ मध्ये जवळच मिलांद इथे त्यांनी मोठ्या खिडक्यांचा, उजेडाचा वाडा बांधायला घेतला. (याच वाड्यात विसाव्या शतकात गायिका-नर्तकी जोसेफिन बेकर राहत होती.) पुढे सोळाव्या शतकात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात धर्मयुद्धं पेटली, तेव्हा कास्तेलनोतच जन्मलेला ह्यूगेनो (फ्रेंच प्रोटेस्टंट) सेनानी जॉफ्रॉआ द व्हिव्हां याने किल्ला प्रोटेस्टंटांसाठी राखला. त्याची दहशत एवढी की कुणी हल्ला करायला धजावलं नाही. पुढे कोमों घराणं ड्यूक झालं, दरबारात रमलं आणि किल्ला मागे पडला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळी तो पूर्ण सोडून दिला गेला. एकोणिसाव्या शतकात लोकांनी त्याचे दगड बांधकामाला काढून नेले. आपल्याकडच्या किती गढ्यांचं हेच झालं आहे!

आता पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर. १९६० च्या दशकाच्या मध्यात फिलिप रोसियों यांच्या कुटुंबाने घेतला तेव्हा कास्तेलनो हे झाडाझुडपांत बुडालेले अवशेष होते. १९६६ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. दुरुस्तीची पहिली फेरी त्याच दशकाच्या अखेरीस झाली आणि दुसरी सत्तरच्या दशकापासून नव्वदच्या दशकापर्यंत टप्प्याटप्प्याने चालली. म्हणजे आराखडा, भिंतींच्या रेषा, मनोऱ्यांचे खालचे भाग आणि बराचसा उभा दगड मध्ययुगीन. छपरं, लाकडी मजले, माथ्याकडची बरीच डागडुजी विसाव्या शतकातली. याला मी बनावट म्हणणार नाही. छप्पर नसलेल्या भिंतीचं काय होतं ते वर सांगितलंच आहे. भिंत वाचवायची तर तिच्यावर काहीतरी घालावंच लागतं.

प्रश्न असतो तो कुठे थांबायचं याचा. वास्तुजतनाच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत याबद्दल एक नियम आहे: अंदाज सुरू होतो तिथे पुनर्बांधणी थांबली पाहिजे. फ्रान्समध्येच याच्या उलट टोकाचं उदाहरण बोर्दोच्या दक्षिणेला मिळेल. रॉकतायाद हा किल्लाही खासगी, सातशेहून जास्त वर्षं एकाच वंशपरंपरेत राहिलेला. १३०६ मध्ये पोप पाचव्या क्लेमेंटच्या नातलग कार्डिनलने इंग्लंडच्या राजाच्या परवानगीने तो बांधला: चौकोनी आराखडा, कोपऱ्यांत गोल मनोरे, मध्यभागी उंच मुख्य मनोरा. १८६० च्या दशकात मालकांनी व्हिओले-ल-द्युक या प्रसिद्ध वास्तुविशारदाला बोलावलं. त्याने आणि त्याचा शिष्य एदमों द्युत्वा याने आतल्या दालनांना मध्ययुगाच्या कल्पनेतून रंग, फर्निचर, जिना, प्रार्थनाघर असं सगळं नवं रूप दिलं. इमारत पूर्वी कधीही नसेल अशा परिपूर्ण अवस्थेत आणणं म्हणजे तिचा जीर्णोद्धार, अशी त्याची भूमिका होती. मला रॉकतायाद मनापासून आवडतो, पण तो पाहताना आपण चौदाव्या शतकाच्या अंगावर चढवलेलं एकोणिसावं शतक पाहतो. कास्तेलनोच्या दुरुस्तीत तो मोह आवरला आहे. खोल्या संग्रहालयाच्या कामाला लावल्या, राजवाडा असल्याचा आव आणला नाही. जतनाचा माणूस म्हणून मी कास्तेलनोच्या बाजूने उभा आहे.

तिसरा प्रश्न मालकाच्या हक्कांचा. फ्रान्समध्ये संरक्षित स्मारकांपैकी जवळपास निम्मी खासगी हातात आहेत, पण ‘माझा किल्ला, माझी मर्जी’ तिथे चालत नाही. पाया ३१ डिसेंबर १९१३ च्या कायद्याचा. स्मारकाचे दोन दर्जे असतात. वरच्या दर्जात आलेल्या वास्तूत सरकारी परवानगीशिवाय दुरुस्तीही करता येत नाही, आणि परवानगी मिळाल्यावर काम पात्र वास्तुविशारदाच्या हातूनच व्हावं लागतं. दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, कुठल्या चुन्याने भरायच्या इथपर्यंत चर्चा होते, आणि ती झालीच पाहिजे: चुनखडीच्या भिंतीत सिमेंटच्या दरजा भरल्या की ओल दगडातून बाहेर पडू लागते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. किल्ल्याभोवतीच्या ५०० मीटरच्या परिघात शेजाऱ्यांनाही बांधकामासाठी सरकारी वास्तुविशारदाचं मत घ्यावं लागतं. ही तरतूद १९४३ ची. आपल्याकडे केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बंदी आणि पुढचे २०० मीटर नियंत्रण, असा दोन रेषांचा हिशेब आहे. तिथे अंतर मोठं, पण सरसकट बंदी नाही. प्रत्येक अर्ज वेगळा तपासतात. मला तो मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो, अर्थात तपासणारी माणसं पुरेशी असतील तरच.

या बंधनांच्या बदल्यात मालकाला बऱ्यापैकी मदत मिळते. कामाच्या खर्चात सरकार अनुदान देऊ शकतं. किल्ला लोकांसाठी खुला ठेवला तर देखभालीचा खर्च मालकाच्या करपात्र उत्पन्नातून वजा होतो. खुला म्हणजे किती, हेही ठरलेलं आहे: वर्षात ५० दिवस, त्यातले २५ एप्रिल ते सप्टेंबरमधल्या सुट्टीच्या दिवशी, किंवा जुलै ते सप्टेंबरमध्ये ४० दिवस. मालकी किमान पंधरा वर्षं ठेवण्याची हमीही द्यावी लागते. सगळ्यात महत्त्वाची सवलत वारसाकराची आहे. सरकारशी करार करून वास्तू लोकांना पाहू दिली तर तो कर माफ होऊ शकतो. हे नसतं तर प्रत्येक पिढीला कर भरायला किल्ला तुकड्यांत विकावा लागला असता. अशा मालकांची एक संघटनाही आहे, ‘ला दम्यूर इस्तोरिक’. व्हिलांद्री या किल्ल्याच्या मालकाने ती १९२४ मध्ये स्थापन केली.

तरीही फक्त सवलतींवर किल्ला उभा राहत नाही. कास्तेलनो तिकिटांवर चालतो. रोसियों कुटुंबाने संग्रहालय काढण्याचा निर्णय घेतला नसता तर पुढची दुरुस्ती रखडली असती असं मला वाटतं. खासगी मालकीचा आणखी एक नवा प्रकार २०१७ मध्ये दिसला: मोत-शांदनिये हा १९३२ मध्ये जळालेला, मूळ तेराव्या शतकातला किल्ला हजारो लोकांनी इंटरनेटवरून थोडेथोडे पैसे घालून विकत घेतला. आपल्याकडचे बहुतेक गड सरकारी ताब्यात आहेत, त्यामुळे ही पद्धत तशीच्या तशी इथे आणता येणार नाही. पण कुटुंबांकडे असलेल्या गढ्या आणि वाड्यांसाठी वारसाकराऐवजी मालमत्ता कर आणि दुरुस्तीचा खर्च या बाबतीत असा करार का होऊ नये, हे विचारण्यासारखं आहे.

जाताना एवढं करा. सकाळी लवकर कास्तेलनो गाठा, कारण उन्हाळ्यात यंत्रांची प्रात्यक्षिकं असतात आणि दुपारी गर्दी होते. पठाराच्या बाजूने सुरुवात करून गोल बुरूज, मग तट, मग मुख्य मनोरा असं आत जा. काळ उलटा फिरवत जाल. माथ्यावरून नदीपलीकडचा बेनाक पाहा आणि दुपारी तिकडे जा. बेनाकही खासगी आहे. तो मोंफोरने त्याच मोहिमेत मोडून काढला होता आणि नंतर पुन्हा बांधला गेला. गावातून वर जाणारी वाट चढणीची आणि दगडी फरसबंदीची आहे, तेव्हा चपला घालून जाऊ नका.